बैठक

निवृत्त झाल्यावर माणसं काय काय शोधायला लागतात. कोणी गुरू शोधतं, कोणी मुलीसाठी स्थळ, कोणी शाळेतले वर्गमित्र. मी गेले दोन हिवाळे बूड टेकायला काहीतरी शोधत होतो. हसू नका. घरात खुर्च्या आहेत, सोफा आहे, बायकोने हौसेने घेतलेला झोपाळाही आहे. पण मला हवी होती अशी बैठक, जी हातात धरून लोकलने नेता येईल, जिच्या पोटात कॅमेरा, लेन्स, पाणी आणि डबा मावेल, जी चिखलात रुतणार नाही, जिच्यावर तीन तास हलल्याशिवाय बसता येईल आणि जी उघडताना, मिटताना, अंग हलवताना कुरकुरणार नाही. शेवटची अट सगळ्यात कठीण. माझी स्वतःची हाडंही ती पाळत नाहीत.

हे सगळं एका पक्ष्यापायी. पाणलावा त्याचं नाव. लाव्याएवढं अंग, भाताच्या पेंढ्यात मिसळून जाणारे तपकिरी-पिवळे पट्टे आणि अंगाला न शोभणारी लांबलचक सरळ चोच. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो, भातखाचरांच्या चिखलात चोच खुपसून किडे, गांडुळं काढून खातो. चोचीचं टोक फार संवेदनशील असतं, आणि बाकी चोच मिटलेली ठेवून चिखलाच्या आत फक्त तेवढं टोक उघडता येतं. म्हणजे हा माणूस (पक्षी हो, पण मी आता त्याला माणूसच म्हणतो) आपण अंधारात खिशातली किल्ली चाचपून काढतो तसं जेवतो.

माझं आजोळ कासू. दिवा-रोहा गाडीने पेणच्या पुढचं स्टेशन, नागोठण्याच्या अलीकडचं. लांब पल्ल्याच्या बहुतेक कोकणगाड्या या स्टेशनाकडे ढुंकूनही न बघता जातात, त्यामुळे कोकण रेल्वेने गोव्याला गेलेल्या हजारो लोकांनी कासू "पाहिलंय", पण अर्ध्या सेकंदापुरतं. रस्त्याने जाणाऱ्यांनी मात्र सावकाश पाहिलंय. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या बातम्यांमध्ये "पनवेल ते कासू" आणि "कासू ते इंदापूर" असे टप्पे इतकी वर्षं वाचायला मिळाले की, गावाचं नाव ऐकताच लोक "ते खड्डेवालं का?" असं विचारायचे. असो. रस्त्याबद्दल लिहायला बसलो तर पाणलावा उडून जाईल.

मामा अजून तिथे आहेत. वय शहाऐंशी. कान जरा मंद झालेत, नजर मात्र दूरची शाबूत. मामींची नजर जवळची शाबूत. दोघं मिळून एक माणूस पुरता दिसतो, असं मामीच म्हणतात.

पहिल्या हिवाळ्यात मी सपशेल हरलो. नवा कॅमेरा, चारशे मिलिमीटरची लेन्स, गळ्यात दुर्बीण असा जामानिमा करून सकाळी सकाळी बांधाबांधाने फिरायचो. पाणलावा पायाखाली येईपर्यंत दबून बसतो. मग अगदी बुटाजवळून एक खरखरीत आवाज काढून जो सुटतो तो डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. कॅमेरा डोळ्याला लागेपर्यंत तो तिसऱ्या शेतात. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी या पक्ष्याच्या शिकारीवर जात. इंग्रजीत त्याचं नाव स्नाइप, म्हणून त्या शिकारीला स्नायपिंग म्हणू लागले आणि त्यातून पुढे लपून नेम धरणारा तो "स्नायपर" आला. आपल्याच चिखलातून निघालेला शब्द जगभरच्या युद्धांत जाऊन बसला! मला हे वाचून बरं वाटलं. ज्याच्यावर नेम धरता येणं ही बंदूकवाल्यांनाही फुशारकीची गोष्ट वाटत होती, तो मला सापडत नाही यात लाज कसली. माझ्याकडे त्या हिवाळ्याचे दोनशेच्या वर फोटो आहेत. सगळे शेपटीचे. काही नुसतेच आकाशाचे.

मामांना संध्याकाळी ओटीवर हे फोटो दाखवले. कॅमेऱ्याचा स्क्रीन लांब धरून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "तू उठवायला कशाला जातोस त्याला?"

"म्हणजे?"

"आम्ही उठवायचो, कारण आम्हाला तो उडताना मारायचा असायचा. तुला बसलेला हवाय ना? मग तू बस की."

दोन हिवाळ्यांतलं सगळ्यात उपयोगी वाक्य. पक्षिनिरीक्षणाच्या चार पुस्तकांत मला हे असं सरळ मिळालं नव्हतं. पुढे त्यांनी कुठे बसायचं तेही सांगितलं. चिखलात पेन्सिलीने टोचल्यासारखी भोकं दिसतील, दोन-चार नाहीत, झुंडीने. शेजारी पांढरी शीट. ती ताजी असली तर तिथेच थांब, तो कुठे लांब गेलेला नसतो. पण एकदा त्याने तुला पाहिलं की तो धोंडा होतो. पाव तास, अर्धा तास. तू हललास तर आणखी अर्धा तास. कंटाळा आधी कोणाला येतो एवढाच प्रश्न.

इथे माझी पाठ मध्ये आली. बँकेत पस्तीस वर्षं खुर्चीत काढली, त्याची पावती म्हणून कमरेतली एक चकती सरकली आहे. डॉक्टर भला माणूस. त्याने "शेतात जाऊ नका" असं सांगितलं नाही. फक्त म्हणाला, मांडी घालून किंवा उकिडवं बसायचं नाही, कंबर गुडघ्यांपेक्षा जरा वर राहिली पाहिजे, पुढे वाकून बसायचं नाही. आणि एक पाय बधिर व्हायला लागला तर हे सगळं थांबवून सरळ माझ्याकडे यायचं, मग आपण ऑपरेशनबद्दल बोलू. म्हणजे बसायला काय निवडायचं हा प्रश्न माझ्यापुरता हौसेचा राहिला नव्हता. चुकीच्या स्टुलावर घालवलेली एक सकाळ मला ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ शकत होती. बायकोने तर सांगूनच टाकलं, "एकदा जरी पाय बधिर झाला असं ऐकलं, तरी कॅमेरा विकणार."

आता यातली गंमत बघा. पक्ष्याचा चांगला फोटो हवा तर लेन्स त्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवी. वरून काढलेला फोटो म्हणजे वर्गात उभ्या मास्तरने बाकावरच्या पोराकडे पाहिल्यासारखा. पाणलाव्याचा डोळा जमिनीपासून फार तर वीतभर. म्हणून तरुण मुलं चिखलात चटई टाकून पोटावर पडतात. कॅमेऱ्याला मी खाली हवा, मणक्याला मी वर हवा. यांच्या भांडणात लवाद व्हायचं ते एका स्टुलाने.

सुरुवात प्लॅस्टिकच्या साध्या स्टुलापासून केली. चार बारीक पाय. पाच मिनिटांत एक पाय घोट्यापर्यंत गेला आणि मी तिरका होत होत बांधाला टेकलो. मग घडीची तिपाई. कापडी बैठक, तीन ॲल्युमिनियमच्या नळ्या, दुकानात बसून पाहिली तेव्हा राजेशाही वाटली. शेतात ती हळूहळू खाली झोळ धरते, गुडघे छातीशी येतात आणि डॉक्टरांनी सांगितलेलं नेमकं उलट होतं. शिवाय कापड आणि नळी एकमेकांवर घासून असा आवाज काढतात की वंचक बगळ्यासारखा कोडगा पक्षीही मान वर करतो. त्यानंतर ऑनलाइन मागवलेली एक घडीची पेटी. फोटोत तिच्यावर एक धिप्पाड गृहस्थ हसत बसले होते. पुठ्ठ्याला कापड लावलेलं होतं. कोकणातल्या डिसेंबरच्या एका सकाळचं दहिवर तिने प्यायलं आणि नऊच्या सुमारास माझ्यासकट बसली. परत पाठवायला गेलो तर "वापरलेली वस्तू घेत नाही". ते खरंच होतं, पण वापरली किती, तर दोन तास!

मासळीवाल्यांचा थर्माकोलचा मोठा डबाही झाला. आत जागा भरपूर, वजन नाही, रुतत नाही. पण थर्माकोलचा तो दातांत जाणारा चर्रर्र आवाज... आणि दुसऱ्या दिवशी लेन्सला येणारा बोंबलाचा वास. बायको म्हणाली, पक्षी येवो न येवो, मांजरं येतील.

इंग्रजांची एक काठी असते, वर दोन पंख उघडतात त्यावर टेकायचं, खाली चकती असते म्हणजे ती जमिनीत जात नाही. शिकारीला आणि घोड्यांच्या शर्यतींना वापरायचे. दिसायला रुबाबदार, पण ती टेकण्यासाठी, बसण्यासाठी नव्हे. शिवाय तिच्यात डबा कुठे ठेवणार?

उत्तर मिळालं ते दिवा स्टेशनात. रोह्याच्या गाडीला नेहमीची गर्दी. दाराजवळ एक रंगारी आपल्या वीस लिटरच्या रिकाम्या रंगाच्या डब्यावर असा निवांत बसला होता, जणू पहिल्या वर्गाचं तिकीट काढलंय. डब्यात त्याचे ब्रश, रोलर, कपडे, जेवण. झाकण लावलं की खुर्ची, काढलं की कपाट. पेणपर्यंत मी त्याच्या डब्याकडे बघत होतो. शेवटी त्याने विचारलंच, "काय काका, काम आहे का घरात?"

डबा आमच्याच सोसायटीच्या रंगकामातून फुकट मिळाला. उंची सुमारे सव्वा फूट. माझे गुडघे त्याच्यावर बसल्यावर कमरेच्या जरा खाली राहतात. बूड रुंद आणि सपाट, त्यामुळे रुतणं जवळपास नाही, खाली पेंढ्याची एक पेंडी अंथरली की मुळीच नाही. पण त्याच्या खोड्याही होत्या, त्या एकेक काढाव्या लागल्या. झाकण उघडताना टक् टक् टक् असा आवाज यायचा, म्हणून त्याचे आतले दात सुरीने कापून टाकले. झाकणाची कड मांडीत रुतायची, तिथे जुन्या योगासनाच्या चटईचे तीन थर चिकटवले. रंग पांढराशुभ्र, शेतात तो मैलभरावरून दिसणार, म्हणून गोणपाटाचा अंगरखा शिवला (शिवला मामींनी, मी फक्त सुई ओवून दिली). रिकामा डबा ढोलासारखा घुमतो, पाय लागला तरी वाजतो. आत तळाला तांदळाची अडीच किलोची कापडी पिशवी ठेवली, घुमणं गेलं. तीच पिशवी काढून बांधावर ठेवली की लेन्स टेकवायला उशी. कोकणातल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या. कडीची तार हाताला कापायची, तिला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. एकूण खर्च शून्य. आधीच्या फसलेल्या बैठकांचा हिशेब मी इथे देणार नाही, कारण बायको हे वाचेल.

उरला उंचीचा प्रश्न. तो मी सोडवला नाही, कासूच्या जमिनीने सोडवला. डोंगराकडच्या बाजूला मामांची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत येतात. खालचं खाचर वरच्यापेक्षा अडीच फूट खोल. वरच्यात ओहोळाचा पाझर असतो, तिथे फेब्रुवारीपर्यंत चिखल आणि धसकटं, म्हणून वाल पेरत नाहीत. खालचं कोरडं, त्यात वाल. मी खालच्या खाचरात डब्यावर ताठ बसायचं, लेन्स मधल्या बांधावर टेकवायची. म्हणजे मी खुर्चीत बसल्यासारखा आणि लेन्स मात्र वरच्या चिखलापासून वीतभर उंच. मणकाही खूश, कॅमेराही. वरून चार बांबू, गोणपाट आणि पेंढा लावून लपण केलं. शेजारचे एक काका सकाळी बैल घेऊन जाताना थांबले, माझ्याकडे, मग डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय रे, शेताला रंग काढतोस का?"

अशा बसण्याची मोठी परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. अलिबागजवळच्या किहीमला १९३० साली सालीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला तो घडीच्या शिडीवर कापडी आडोसा करून, घरट्यांच्या उंचीवर तासन् तास बसून. नर एका मादीपुरतं थांबत नाही, घरटं अर्धं बांधून मादीला पसंत पडलं की ते पुरं करून लगेच पुढचं बांधायला घेतो, हे त्या शिडीवरून दिसलं. आणि हाच माणूस पक्ष्यांकडे वळला तो लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे, हेही सर्वांना माहीत आहे. मी ते कितीदा वाचलं असेन. पण आमच्या ओटीवर तशीच एक गोष्ट चोपन्न वर्षं बसून आहे, ती मात्र मी कधी उघडली नव्हती.

ती आता सांगतो. १९७१ सालचा डिसेंबर. मी आठ वर्षांचा. युद्ध नुकतंच संपलेलं, आम्ही पोरं सगळीकडे सैनिक. मामा तेव्हा बत्तीस वर्षांचे, बारा बोअरची बंदूक, पंचक्रोशीत नाव. सकाळी पाणलाव्यांमागे चालायचे आणि संध्याकाळी तळ्याच्या काठी आडोशाला बसायचे, बदकं उतरायच्या वेळी. बसायला त्यांची एक पेटी होती. शिवणीच्या लाकडाची, दीड हात लांब, चामड्याचा पट्टा, वर बसायचं, आत काडतुसं, चाकू, बॅटरी, चिवडा. त्या संध्याकाळी मला बरोबर नेलं. माझं काम पेटीशेजारी बसून काडतूस हातात द्यायचं. मी मागून काडतूस दिलं की जणू मीच लढत होतो.

अंधारताना अडई आल्या, शीळ घालत. मामांनी दोन बार काढले. एक अडई पाण्यात पडली, एक काठावर माझ्यापासून हातभर अंतरावर. ती मेलेली नव्हती. मामा पाण्यातली आणायला गेले होते. मी आणि ती एकमेकांकडे बघत होतो. वरून तिच्यासोबतची एक अडई शीळ घालत परत आली, तळ्यावरून फिरली, गेली, पुन्हा आली. मग मामा आले आणि त्यांनी ते पुरं केलं. झटकन्, सराईतपणे, क्रौर्य काही नव्हतं त्यात. घरी आल्यावर मी जेवलो नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी "येतोस का?" विचारलं तेव्हाही पोट दुखलं. त्यानंतर मामांबरोबर रानात गेलोच नाही. सुट्टीला यायचो, आंबे खायचो, पाया पडायचो. पण एक बारीकशी भिंत राहिली. तिच्याबद्दल कधी कोणी बोललं नाही.

पुढच्याच वर्षी, १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवाना काढून काही शिकार करायची सोय त्यातही होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. मामांची बंदूक त्याच्या आधीच गेली होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका निवडणुकीला त्यांनी जमा केली ती परत आणलीच नाही. मामी म्हणायच्या, कंटाळा केला. मला ते खरं वाटायचं.

या वर्षी जानेवारीत डबा घेऊन गेलो, तेव्हा मामा ओटीवर बसून गोणपाटाचा अंगरखा निरखत होते. झाकण उघडलं, आतली तांदळाची पिशवी दाबून पाहिली, पुड्या पाहिल्या. मग आत गेले आणि माळ्यावरून पेटी उतरवायला माझ्या मामेभावाला सांगितलं. पट्टा कडक होऊन तुटलेला, एका बाजूला वाळवीची नक्षी, पण पेटी भक्कम. आत काडतुसांसाठी केलेल्या खाचा तशाच.

"ही घेऊन जा. डबा कसला नेतोस?"

मी बसून पाहिली. बुटकी. गुडघे वर आले. मी म्हणालो, "मामा, डॉक्टर ओरडतील. पण पेटी छान आहे."

ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझं पोट तेव्हा दुखत नव्हतं ना?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी म्हणालो, "नव्हतं."

"मला माहीत होतं. तुझ्या आईलाही सांगितलं होतं मी. ती म्हणाली, लहान आहे, विसरेल." थोडं थांबून, "मी आणखी सात-आठ वर्षं मारले. आवडायचं मला. खोटं कशाला बोलू?"

यावर काय बोलायचं असतं? मी म्हणालो, भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले, तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलाय. त्या मानाने तुम्ही काहीच नाही. हे बोलताना मला स्वतःलाच कळत होतं की, मी बँकेतल्यासारखं बोलतोय, दुसऱ्याची मोठी थकबाकी दाखवून समोरच्याची लहान करतोय. मामा म्हणाले, "ते मोजत होते. आम्ही मोजलेच नाहीत." आणि मग, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

मामींनी अर्थातच आरडाओरडा केला. शहाऐंशी वर्षांचा माणूस, थंडी, दहिवर, बांधावरून पाय घसरला तर? शेवटी मामेभावाने त्यांना स्कूटरवरून पायवाटेपर्यंत आणलं, पुढची दोनशे पावलं आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून. पेटीही आणली. त्यांनीच सांगितलं होतं. लपणात डावीकडे पेटीवर मामा, कानटोपी आणि शाल, उजवीकडे डब्यावर मी. जागा इतकी कमी की खांद्याला खांदा.

साडेसहाला धुकं. दहा हातांपलीकडे काही नाही. स्टेशनाकडून एक गाडी धडधडत गेली, बहुतेक कोकणातून आलेली. मग टिटवी ओरडली, धोबी पक्ष्यांची एक टोळी शेपट्या हलवत आली, गप्पीदास धसकटावर येऊन बसला. सातच्या पुढे धुकं वर सरकलं आणि समोरच्या चिखलात भोकं दिसली. झुंडीने. मामांनी हनुवटीनेच दाखवली.

पाऊण तास काही नाही. मी मनात बधिरपणा तपासत होतो, उजवा पाय, डावा पाय. ठीक. मामा हलले नाहीत. मी चोरून पाहिलं, झोपले की काय. डोळे उघडे होते, समोर. त्या एका बाबतीत त्यांचं वय झालेलंच नाही. आठ वर्षांच्या मला हेच आवडलं होतं त्यांच्यात, इतका मोठा माणूस इतका गप्प बसू शकतो. ते मी विसरून गेलो होतो. दुसरंच तेवढं लक्षात ठेवलं.

आणि मग चिखलाचाच एक तुकडा चालू लागला. खरंच, तो तिथेच होता, आठ-नऊ हातांवर, बहुधा आम्ही आलो तेव्हापासून. धोंडा झालेला. आता त्याचा कंटाळा आमच्याआधी संपला होता. दोन पावलं, चोच आत, मुळापर्यंत. शिवणयंत्राची सुई चालते तशी चार-पाच वेळा. डोळा डोक्याच्या बराच मागे, त्यामुळे चोच चिखलात असतानाही तो आमच्याकडे बघू शकत होता. मी शटर दाबलं. तो थांबला. पुन्हा खाऊ लागला.

शेजारी काहीतरी हललं. मामांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट शालीवर वाकत होतं, उघडत होतं, वाकत होतं. त्यांनाही ते दिसलं असावं. त्यांनी तो हात सावकाश मांडीखाली घेतला आणि त्याच्यावर बसले.

वीस मिनिटं तो समोर होता. एकदा तर बांधाच्या इतका जवळ आला की लेन्सला दिसेना, म्हणजे लेन्सचं किमान अंतरही त्याने ओलांडलं. तेव्हा मी कॅमेरा सोडून नुसतंच पाहिलं. नंतर पलीकडच्या बाजूला ट्रकने माती ओतल्याचा आवाज आला आणि तो उडाला, डावीकडे, उजवीकडे. तिकडची तीन खाचरं विकली गेली आहेत, भराव चाललाय. वरच्या ओहोळाचा पाझर त्यामुळे किती वर्षं राहील, हे मी मामांना विचारलं नाही. विचारून उत्तर काही वेगळं आलं नसतं.

फोटो त्यांना तिथेच दाखवले. लांब धरून एकेक पाहिला. चिखलात चोच, पाठीवरचे पिवळे पट्टे, डोळ्यात एक बारीक उजेड. बराच वेळ एकाच फोटोवर थांबले. "असा बसलेला कधी बघितलाच नव्हता," म्हणाले. "हातात घेतल्यावर बघायचो. तेव्हा डोळा असा नसतो."

मग निघायची वेळ झाली, तर मामांना पेटीवरून उठता येईना. गुडघे धरलेले. मी एका हाताला, मामेभाऊ दुसऱ्या, एक-दोन-तीन करून ओढलं, तेव्हा कुठे उभे राहिले. बांबूला धरून जरा दम घेतला. खालच्या शेतात संध्याकाळच्या पोपटीसाठी मामी वालाच्या शेंगा तोडत होत्या, तिथून विचारत होत्या की म्हातारा धड आहे ना.

"धड आहे," मामा ओरडले. मग पेटीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "पुढच्या खेपेला मी डब्यावर बसतो. ही फारच बुटकी केली होती सुताराने."